शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप का? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

साहेब, एकाच गोष्टीसाठी लिहितेय. शाळा सुटली की मैदानाच्या गेटला जे कुलूप लागतं ते. नवीन मैदान नको, स्टेडियम नको, जे आहे तेच पहाटे दीड तास आणि संध्याकाळी दोन तास पोरापोरींना उघडून द्या, आणि ते उघडलं म्हणून उद्या हेडमास्तरांच्या गळ्याशी काही येणार नाही एवढी सोय करा, बास. मी तालुक्याच्या गावात राहते, शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, लग्नाआधी खो-खो खेळायचे. त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव नाही, रोज बघतेय ते आहे.

आमच्या गावाबाहेरून हायवे जातो. पहाटे पाचला तिथे उभे राहा, पांढऱ्या पट्टीच्या कडेकडेने पोरं पळताना दिसतील, पोरीपण. पोलीस भरतीची तयारी. ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी 50 मार्कांची, मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. सगळ्यात मागचा पोरगा मोबाईलचा टॉर्च पाठीकडे धरून पळतो, ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. एक किलोमीटर मोजायला रस्त्याचा दगड, पुढचे 600 अंदाजाने, आणि गोळा टाकायची प्रॅक्टिस कुणाच्यातरी नांगरलेल्या रानात. आता याच रस्त्याला लागून एक शाळा आहे, तिच्या मैदानात 200 मीटरचा ट्रॅक आरामात बसतो, आठ राउंड मारले की 1600 झाले, ना ट्रक ना कुत्री. पण गेट बंद. दोघं तिघं भिंतीवरून उडी मारून आत जातात तर गावात लगेच चर्चा की टवाळ पोरं शाळेत घुसतायत. म्हणजे वर्दी मिळाल्यावर याच पोराचा चौकात फ्लेक्स लावायचा आणि तोपर्यंत त्याला टवाळ म्हणायचं.

हेडमास्तरांना मी नावं ठेवत नाहीये हां. त्यांच्या जागी मी असते तर मीपण कुलूपच लावलं असतं. सकाळी येऊन बघावं तर नळाची तोटी गायब, वर्गाच्या खिडकीची काच फुटलेली, ओट्यावर बाटल्या. याचा जबाब कोणी द्यायचा? त्यांनीच. संध्याकाळी साडेसहाला एखाद्याचा हात मोडला तर दुसऱ्या दिवशी पालक कुणाच्या केबिनमध्ये येणार? त्यांच्याच. शाळेच्या वेळेबाहेर मैदान नक्की कुणाच्या जबाबदारीवर उघडं ठेवायचं हे स्पष्ट सांगणारा एकही कागद आमच्या समितीसमोर आजवर आलेला नाही, तोंडी सगळे म्हणतात "ठेवा की उघडं", सही करायला कोणी पुढे येत नाही. त्यात 2024 ला बदलापूरचं प्रकरण झालं, त्यानंतर सीसीटीव्ही, तपासण्या, समित्या सगळं कडक झालं आणि ते व्हायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल दुमत नाही. फक्त त्याचा एक परिणाम असा झालाय की बाहेरचं माणूस आवारात दिसलं तरी शाळेला घाम फुटतो, आणि गावातलाच माजी विद्यार्थी जो फुकट कबड्डी शिकवायला तयार आहे तोसुद्धा बाहेरचं माणूस झाला.

बरं ही कल्पना माझ्या डोक्यातली आहे असंही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की शिकवण्याच्या वेळेबाहेर शाळेच्या इमारती आणि सोयी गावाच्या सामाजिक, बौद्धिक, स्वयंसेवी कामांसाठी वापरता येतील, त्याला नावसुद्धा दिलंय, सामाजिक चेतना केंद्र. धोरण येऊन इतकी वर्षं झाली, आमच्याकडे त्यातलं काय आलं तर ट्रेनिंगच्या पीपीटी. चेतना अजून गेटबाहेर उभी आहे.

आणि शाळा वेळेबाहेर उघडता येत नाही म्हणावं तर मतदानाला कशी उघडते हो? 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. आदल्या दिवशी चावी सापडते, रॅम्प होतो, बल्ब लागतात, पाण्याचे जार येतात, संडासाचं तुटलेलं दार रातोरात बसतं. कारण मतदान केंद्रावर काय काय सोयी असल्याच पाहिजेत हे आयोगाने ठरवून दिलंय आणि ते कुणी बघायचं तेही ठरलेलं आहे. एवढंच सांगायचंय मला, जिथे जबाबदारी कागदावर असते तिथे कुलूप उघडतं.

आता मुलींचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण यावर कोणी बोलतच नाही. पाचवी सहावीपर्यंत आमच्या पोरी मुलांपेक्षा जास्त पळतात, तालुक्याला 14 वर्षांखालच्या गटात मस्त खेळतात आणि आठवी नववीत गायब. लोक म्हणतात घरचे पाठवत नाहीत. असेल काही घरांत. पण बाकीची कारणं बघा की. मैदान बंद म्हणून प्रॅक्टिस देवळासमोरच्या चौकात, तिथे सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉक बसवलेत. खो-खोमध्ये डाइव्ह मारल्याशिवाय बचाव करणारी हाताला लागत नाही, आणि पेव्हर ब्लॉकवर डाइव्ह मारली की गुडघा आणि कोपर दोन्ही सोलून निघतात, मग शिकवणारी ताईच सांगते, डाइव्ह नको गं, नुसती हात लांब कर. अशा हात लांब करणाऱ्या पोरी जिल्ह्याला मातीच्या मैदानावर खेळलेल्या टीमसमोर जातात आणि पहिल्याच मॅचला घरी येतात. चौकात बसायला कट्टा आहे, कट्ट्यावर कोण बसतं ते मी लिहायला नको, ट्रॅक पँट घालून वाकायचं म्हटलं तरी चार नजरा. पाळी चालू असेल तर जायचं कुठे? शाळेत संडास आहे, पण तो कुलपाच्या आत. वरून एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास फुकट आहे, फार चांगली योजना आहे, तिच्यामुळे कितीतरी मुली शिकल्या, पण शाळा सुटल्यानंतरची गाडी गेली की वाडीवरच्या पोरीने प्रॅक्टिस करून घरी जायचं कसं याचा विचार टाइमटेबल करणाऱ्याने केलेला नसतो. एवढं सगळं झाल्यावर आपण म्हणायचं मुलींना आवड नाही.

आणि मैदान उघडलं म्हणजे आपोआप मुली येतील असंही नाही. उघड्या मैदानावर काय होतं ते ठाऊक आहे, टेनिस बॉलचं क्रिकेट सगळं मैदान गिळतं आणि मुली कोपऱ्यात दोरीउड्या मारतात. म्हणून वेळा लिहून द्याव्या लागतात. भिंतीवर रंगाने, कोणत्या वारी किती ते किती मैदान मुलींचं, त्या वेळेत बॅट आत आली की बाहेर. ऐकायला कडक वाटेल, पण वेळ बांधून दिली नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मैदान.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. पुरुष जिंकले, महिला जिंकल्या, दोन्ही फायनलमध्ये नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर अभिमान चालला होता. या खेळाला लागतं तरी काय साहेब, दोन खांब, फक्की आणि मऊ मातीचं मैदान. तेवढंच नेमकं आपण कुलपात ठेवलंय.

पैसा नाही असं मला कोणी सांगू नये. क्रीडांगण विकासाची योजना आहे, व्यायामशाळा विकासाची आहे, जिल्हा नियोजनमधून निधी येतो. येतो तो कशासाठी? कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, कमान, ओपन जिम. ओपन जिमची यंत्रं वर्षभरात कुरकुरायला लागतात आणि मग त्यांवर लोक गोधड्या वाळत घालतात. ज्याचं टेंडर निघतं त्याला पैसे मिळतात आणि संध्याकाळी दोन तास उभं राहून गेट उघडणाऱ्या, शिट्टी वाजवणाऱ्या, सातला सगळ्यांना घरी पिटाळणाऱ्या माणसाचं टेंडर निघत नाही, म्हणून त्याला पैसे नाहीत. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

शिक्षकांनी करावं म्हणाल तर प्लीज नको. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावायची नाहीत असं आहे, पण ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचं बीएलओचं काम, हे सगळं करून त्यांचा आधीच जीव गेलाय. पीटीचे सर जिथे आहेत तिथे त्यांच्यावर दुसरे विषय आहेत, स्पर्धेला टीम न्यायची तर गाडीभाड्याला कितीदा स्वतःच्या खिशात हात घालतात. सहावी ते आठवीत शंभरच्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक द्यायचे हे त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे, खेळाचं मैदान हवं हेपण तिथेच आहे. निदेशकांचं पुढे काय झालं ते तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. दहावीला तर आरोग्य व शारीरिक शिक्षण श्रेणीचा विषय, मैदानावर पाय न ठेवताही 'अ' मिळतो.

तर मागणं असं आहे. एक जीआर (शासन निर्णय) काढा, शालेय शिक्षण आणि क्रीडा दोघांचा मिळून. विभागाचं नावच 'शालेय शिक्षण व क्रीडा विभाग' आहे पण खाली शिक्षणाधिकारी म्हणतात क्रीडा अधिकाऱ्यांना विचारा आणि क्रीडा अधिकारी म्हणतात जागा शाळेची आहे, त्यामुळे सही दोघांची एकाच कागदावर हवी. त्यात लिहा की शाळेच्या वेळेबाहेर मैदान शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात, हेडमास्तर त्यातून मोकळे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतातच, निम्म्या बायका असतात, मीटिंगला सह्या करून चहा पिण्यापेक्षा आम्हाला हे काम द्या. वर्ग बंदच राहू देत, मैदान, पाण्याचा नळ आणि संडास एवढंच उघडायचं. गावातली दोन माणसं मानधनावर, त्यातली एक बाईच, दोघांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून, त्याशिवाय चावी नाही. मोठ्या पोरांची पहाटेची वेळ आणि लहानांची संध्याकाळची, एकत्र नको. तोडफोडीसाठी छोटी रक्कम समितीकडे आधीच ठेवा, तोटी बदलायला तालुक्याला प्रस्ताव पाठवायला लावू नका. आणि विद्यार्थ्यांच्या अपघातासाठी राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, ती संध्याकाळच्या मैदानालापण धरली जाईल हे एका ओळीत स्पष्ट करा, हेडमास्तरांची अर्धी भीती तिथेच जाईल.

सगळीकडे एकदम करा असं नाही म्हणत. राज्यात लाखाच्या वर शाळा आहेत, कितीतरी शाळांना मैदानच नाही, शहरात तर गच्चीवर पीटी चालते, त्यांचं दुखणं वेगळं आहे आणि ते या पत्रात बसणार नाही. पण जिथे मैदान आहे आणि समिती लेखी तयार आहे तिथे येत्या जूनपासून चालू करायला काय हरकत आहे? प्रत्येक जिल्ह्यात एक तालुका घ्या. 15 जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी आपण राज्य क्रीडा दिन करतो, तेव्हा शाळांना फोटो मागवण्यापेक्षा एवढंच विचारा की काल संध्याकाळी सहाला तुमच्या मैदानावर किती पोरं होती आणि त्यात मुली किती.

आणि एक विनंती, जीआरमध्ये "सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने" ही ओळ तेवढी घालू नका. ती आली की आधी अर्ज, मग अर्जाला जोडायची कागदपत्रं, मग साहेब मीटिंगला गेलेत, आणि तोपर्यंत यंदाची भरती निघून जाते.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीतली एक पालक सदस्य