इंग्रजीतला वर्तमानकाळ कसा शिकवावा हे शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टिपणवहीची झेरॉक्स आता बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच मराठी शाळांत फिरते आहे. आभार मात्र कुणीच मानले नव्हते. ते आता जाहीरपणे मानतो, आणि कशाकशाबद्दल तेही सांगतो. नुसतं ‘अमूल्य मार्गदर्शन’ एवढंच लिहिलं तर तुम्ही लाल शाईनं ‘म्हणजे काय?’ असं विचारून पत्र परत पाठवाल.

सगळ्यात आधी आभार शेपटांची युक्ती मोडून काढल्याबद्दल. गाइडांत आणि शिकवण्यांत ती अजून जोरात आहे: क्रियापदाला ‘तो, ते, तात’ लागलं की साधा वर्तमानकाळ, ‘त आहे’ आलं की चालू, ‘ला आहे, ली आहे’ आलं की पूर्ण. गाइडातली वाक्यं या युक्तीला बसतील अशीच घडवलेली असतात, म्हणून तिथं ती चालते. घरातली वाक्यं घेतली की कोलमडते. ‘आजी खाटेवर बसली आहे’, ‘बाळ झोपलं आहे’, ‘ताई इरकल नेसली आहे’, ‘मला भूक लागली आहे’. चारही वाक्यांना पूर्ण काळाचं शेपूट आहे, आणि इंग्रजीत एकातही ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ येत नाही. ‘ग्रँडमदर इज सिटिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘शी इज वेअरिंग ॲन इरकल सारी’, ‘आय ॲम हंग्री’. उलट बाजूनंही तेच. ‘मामा तीन वर्षांपासून उद्यमबागेत काम करतो आहे’ हे दिसायला चालू वर्तमान, पण ‘इज वर्किंग’ लिहिलं की चुकलं. तिथं ‘हॅज बीन वर्किंग’ लागतं. निघताना पाहुणे ‘येतो हं’ म्हणतात त्याचं तर काय करायचं!

तुमच्या वहीत शेपटांच्या जागी तीन प्रश्न आहेत. हे रोजचं की आत्ताचं? झालेलं असेल, तर त्याचं आत्ता दाखवायला काय उरलंय? कधीपासून चाललंय ते वाक्यात सांगितलंय का? मुलानं उत्तर मराठीतच द्यायचं आणि मग इंग्रजी वाक्याला हात घालायचा. एका वाक्याला अर्धा मिनिट जास्त जातो, पण ‘आय ॲम गो’ लिहिणारं पोर यामुळंच थांबतं. त्याच्या डोक्यात ‘आहे म्हणजे ॲम’ पक्कं बसलेलं असतं आणि आत्ताचं की रोजचं हा विचारच झालेला नसतो.

पहिला प्रश्न घरच्या बोलीत विचारायची तुमची सूचना आम्हाला सुरुवातीला धाडसाची वाटली. प्रमाण मराठीत ‘काय करतोस?’ हा प्रश्न दोन्हीकडे चालतो. आत्ता काय चाललंय असाही आणि पोटापाण्याला काय करतोस असाही. आपल्याकडच्या ‘काय करूलालास?’ मध्ये असली भानगड नाही. तो फक्त आत्ताचा. रस्त्यावरच्या कन्नडातलं ‘माडाक हत्तीनि’ (मी करतोय) हेही फक्त आत्ताचंच. म्हणजे ‘आयएनजी’ला लागणारा फरक मूल दोन भाषांत आधीच करत असतं, पुस्तकी ‘करत आहे’ मध्ये घालून आपणच तो पुसत होतो. फळ्याच्या डाव्या अंगाला ‘करतोस’, उजव्या अंगाला ‘करूलालास’ लिहून खाली वाक्यं वाटत गेलं, की पाचवीचा वर्गही चुकत नाही. बोली शाळेत आणल्याबद्दल कुणी नाक मुरडलं, तर आम्ही हा फळा दाखवतो.

आता तुमचं सर्वात बारीक निरीक्षण, जे कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात आम्हाला सापडलं नव्हतं. मुलं ‘माय ब्रदर गोज’ बरोबर लिहितात आणि पुढच्याच ओळीत ‘माय फादर गो’ लिहितात. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणत होतो. कारण मराठीत आहे: भाऊ जातो, पण बाबा जातात. आजोबा येतात, सर शिकवतात, आई म्हणतात (काही घरांत). आदरार्थी बहुवचन मुलाच्या तोंडात इतकं मुरलेलं असतं की त्याच्या दृष्टीनं बाबा अनेकवचनीच आहेत, आणि कर्ता अनेकवचनी असला की क्रियापदाला ‘एस’ नाही हे आपणच त्याला शिकवलेलं असतं. कन्नडातही अज्जांना आदरानंच बोलतात, म्हणून तिकडूनही मदत नाही. यावरचा तुमचा उपाय: कर्त्याखाली आधी डोकी मोजायची. बाबा, एक डोकं. आजोबा, एक डोकं. इंग्रजीत मान शब्दातून देतात, क्रियापदातून नाही, हे एकदा सांगायचं आणि मग सरावाच्या यादीत निम्मे कर्ते मुद्दाम वडीलधारेच घ्यायचे. पाठ्यपुस्तकांतले ‘रवी’ आणि ‘सीता’ या चुकीपर्यंत पोचतच नाहीत.

‘एस’च्या चिठ्ठीचा खेळ तर आता तुमच्या नावानंच चालतो. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या: ‘शी’, ‘वर्क’, ‘डू’, ‘नॉट’, प्रश्नचिन्ह, आणि ‘एस’ची एकच. मुलं पट्ट्या धरून ओळीनं उभी राहतात. ‘शी वर्क’ उभं राहिलं की ‘एस’वाला धावत जाऊन ‘वर्क’च्या शेजारी चिकटतो. प्रश्न करायचा म्हटलं की ‘डू’ पुढं येतो, आणि ‘एस’वाल्याला ‘वर्क’ला सोडून ‘डू’कडं जावं लागतं. पट्टी एकच असल्यामुळं ‘डज शी वर्क्स’ उभंच राहू शकत नाही. वर्गात कुणीतरी शहाणा दुसरी ‘एस’ करून आणतो. तेव्हा काय करायचं तेही वहीत आहे: ती पट्टी फाडायची. एवढी एक सूचना अक्षरशः पाळायला आम्हाला जीवावर येतं, आम्ही ती नुसती जप्त करतो.

उच्चाराचं पान थोडक्यात आहे आणि पुरेसं आहे. ‘वॉक’, ‘कट’, ‘हेल्प’ यांच्यानंतर स्वच्छ ‘स’. ‘रन’, ‘प्ले’, ‘गो’ यांच्यानंतर ‘झाड’मधल्या ‘झ’जवळचा आवाज. ‘टीच’, ‘वॉश’, ‘फिक्स’ यांच्यानंतर एक जादा अक्षर, ‘इझ’सारखं. खरी अडचण ‘हेल्प्स’, ‘आस्क्स’ची. शब्दाच्या शेवटी अशी जोडाक्षरं म्हणायची आपल्या जिभेला सवय नाही, म्हणून मुलं ‘एस’ गिळून टाकतात किंवा मध्ये स्वर घालतात. पुढं स्वरानं सुरू होणारा शब्द ठेवायचा तुमचा उपाय साधा आणि अचूक: ‘वर्क्स इन’ हे ‘वर्क-सिन’ असं म्हणवून घ्यायचं. ‘स’ पुढच्या शब्दाच्या तोंडाशी गेला की सुटत नाही.

आणि हो, धीर दिल्याबद्दल आभार. रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी मातृभाषेच्या मुलांबाबत, आणि डुले व बर्ट यांनी १९७४ च्या सुमारास इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांबाबत, व्याकरणाचे कोणते घटक आधी येतात आणि कोणते मागून, याचा क्रम मांडला. दोन्हींत ‘आयएनजी’ लवकर येतं आणि तृतीय पुरुषाचा ‘एस’ बराच उशिरा. त्यावरून तुम्ही नियम केलात: बोलताना ‘एस’ गळला तर वाक्य तोडायचं नाही, नुसतं बोट वर करायचं, लिहिताना मात्र एकही सोडायचा नाही. नियम माहीत असणं आणि बोलण्याच्या ओघात तो तोंडी येणं यांत काही महिन्यांचं अंतर असतं, हे मुख्याध्यापकांना समजावून सांगताना ही दोन संशोधनं फार कामाला येतात.

चालू काळाच्या प्रात्यक्षिकात बहुतेक वर्गांत गडबड होते ती वेळेची. शिक्षक ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ म्हणतात तोवर दार उघडून झालेलं असतं; मुलं उघडं दार बघत ते वाक्य ऐकतात आणि चुकीचा अर्थ घेऊन घरी जातात. तुम्ही दार, खिडकी, बसणं, उठणं ही सगळी यादी खोडून बाटली ठेवलीत. एक लिटरची पारदर्शक बाटली, अरुंद तोंडाची, आणि तांब्या. धार बारीक धरायची, म्हणजे बाटली भरेपर्यंत मुलांना ‘शी इज फिलिंग द बॉटल’ चार-पाच वेळा खरंखुरं म्हणता येतं. धार थांबली, झाकण लागलं, की ‘शी हॅज फिल्ड द बॉटल’. बाटली टेबलावर भरलेली उभी, बोट दाखवायला पुरावा हजर. मग बाटली खिडकीतून रिकामी करायची आणि विचारायचं, आता ‘हॅज’ म्हणू का? इथं वर्ग जरा गप्प होतो. आता ‘शी फिल्ड इट, बट इट इज एम्प्टी नाऊ’. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ मराठीत खपतं, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ खपत नाही, हे नंतर सांगितलं की पटतं: ‘काल’ म्हटलं की लक्ष कालवर गेलं, आत्तावर राहिलं नाही.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची चूक आपल्या ‘पासून’मुळं होते. ‘२०२१ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीकडं तोच शब्द, म्हणून ‘सिन्स थ्री इयर्स’. भिंतीवरचं कॅलेंडर आणि सुतळी हा तुमचा उपाय. ज्या जागी बोट ठेवता येतं तिथं ‘सिन्स’: सोमवार, जून, गणपती. ज्याला सुतळी ताणून मोजावी लागते तिथं ‘फॉर’: दोन दिवस, तीन वर्षं. परीक्षेत याच जोडीवर गुण जातात.

‘मेकिंग’मधला गळणारा ‘ई’, ‘सिटिंग’मधला दुहेरी ‘टी’, ‘स्टडीज’ आणि ‘प्लेज’मधला ‘वाय’ यांचा तक्ता आहे तसा भिंतीवर लावला आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’ या चुकांचंही तसंच. फक्त ‘हॅविंग लंच’ बरोबर कसं, हे मुलं हमखास विचारतात. तुमचं उत्तर, भाऊ ‘असतो’ आणि जेवण ‘चालू असतं’, पुरतं.

साध्या काळाची वाक्यं तुम्ही इथलीच घेतलीत याचं विशेष कौतुक. ‘द मलप्रभा राइझेस ॲट कणकुंबी’ हे खानापूरच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. सीबीटीवरचं, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरचं, गाड्यांचं वेळापत्रक उतरवून त्यावर कोडी घालायची कल्पना एन. एस. प्रभू यांच्या बेंगळूर प्रकल्पातली, १९७९ ते १९८४ मधली, हे तुम्ही वहीतच नोंदवून ठेवलंत. मिरजेला दहाच्या आत पोचायचं तर कुठली गाडी? मुलं गाडी शोधण्यात गुंततात आणि ‘लीव्हज’, ‘अराइव्हज’ वापरत राहतात. शिवाय उद्याच्या गाडीलाही साधा वर्तमानच लागतो हे आपसूक कळतं.

एक प्रश्न वहीत अर्धवट आहे. क्रिकेटच्या समालोचनात चेंडू डोळ्यांदेखत पडत असतो आणि समालोचक ‘ही बोल्स’ म्हणतो, ‘इज बोलिंग’ म्हणत नाही; मग ‘आत्ताचं म्हणजे आयएनजी’ हा नियम कुठं गेला, असं मुलं विचारतात. समासात तुम्ही ‘क्रिया क्षणात संपते, बाटली भरण्याइतकी लांबत नाही’ एवढंच लिहिलंय. आम्ही तेच सांगतो, आणि चेंडू घेऊन धावत येणाऱ्या गोलंदाजाला समालोचकही ‘इज रनिंग इन’ म्हणू शकतो हे जोडतो. यावर एक पान लिहून द्याल का? वही आता टाइप करून घेतो आहोत. आसपासच्या शाळांच्या पुढच्या क्लस्टर बैठकीआधी कच्ची प्रत तुमच्याकडं पोचवू. लाल पेन जवळ ठेवा.

आपले,
सीमाभागातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवणारे