पाणी गढूळ करणारा कोण?

महोदय,

रविवार पुरवणीतील लेखात बायबलमधला अहाब राजा एलिया संदेष्ट्याला ‘इस्राएलला त्रास देणारा’ म्हणतो, एवढ्यावर विषय उरकला आहे. मूळ हिब्रू क्रियापद ‘आखार’. ‘आखूर’ हे त्याच धातूचे विशेषण आजच्या हिब्रूत गढूळ पाण्याला लावतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझे बालपण अलिबागजवळच्या गावात गेले. उन्हाळ्यात पोहरा विहिरीच्या तळाला आपटला की आजी ओरडायची. मग गाळ बसेपर्यंत सगळे घर तहानलेले! ‘आखार’ म्हणजे नेमके हेच.

यहोशवाच्या ग्रंथात आखान नावाचा माणूस यरीहोच्या, देवाने वर्ज्य ठरवलेल्या लुटीतला झगा, २०० शेकेल चांदी आणि सोन्याची लगड तंबूत पुरतो, आणि आय गावापुढे ३६ माणसे मरतात. पोहरा एकाचा, गाळ सर्वांना. आखानला शिक्षा झाली त्या खोऱ्याचे नाव याच धातूवरून पडले आखोर. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात तर आखानचे नावच ‘आखार’ असे येते.

एलिया तोच शब्द अहाबावर उलटवतो: मी नव्हे, तू आणि तुझ्या बापाचे घराणे. आपण मराठीत ‘वातावरण गढूळ केले’ म्हणतोच की! लेखकाने तेच का वापरू नये?

– एक निवृत्त शिक्षिका, ठाणे