इशारा येतो, आपण 'ओके' दाबतो

महोदय,

इअरफोनवर ऐकताना आवाज एका मर्यादेपलीकडे चढवला की मोबाइलच्या पडद्यावर इशारा येतो: मोठ्या आवाजात जास्त वेळ ऐकल्यास कानांना इजा होऊ शकते. न वाचताच आपण 'ओके' दाबून मोकळे होतो. पण वाचला तरी त्यातून काय कळणार? मोठा म्हणजे किती आणि जास्त म्हणजे किती, हे तिथे नसतंच.

खरं तर आकडे ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्यातून फार तर ४० तास ऐकावं. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. खरी मेख पुढे आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि वेळ निम्मा. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला जेमतेम ५. हे तास आठवड्याचे आहेत, दिवसाचे नव्हेत! बस-रेल्वेच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज किती चढवतो ते आठवून पाहा. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन इथे उपयोगी पडतात, पण ते लावल्यावर आवाज खाली आणला तरच.

आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशींमुळे आपल्याला ऐकू येतं, त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. सहसा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ पुसट होतात आणि माणूस म्हणू लागतो, "ऐकू येतं हो, पण बोललेलं कळत नाही." ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाला ते झेपलेलं नाही असं समजावं. सकाळपर्यंत ती थांबते, म्हणून आपण निर्धास्त होतो.

मुलांच्या हेडफोनच्या खोक्यावरचा '८५ डेसिबलपर्यंत सुरक्षित' हा शिक्का तर मला सरळ दिशाभूल वाटतो. वरच्याच हिशेबाने ८४ डेसिबलला मुलाचा आठवड्याचा कोटा ५ तासांत संपतो.

काही फोन ऐकण्याचा हा हिशेब ठेवतात, पण तो सेटिंगमध्ये शोधत बसावा लागतो. इंटरनेटचा डेटा संपत आला की फोन आपणहून सांगतो, तसंच ऐकण्याचे किती तास उरले हेही त्याने सांगावं. उत्पादकांना हे सक्तीचं करावं आणि खोक्यावर डेसिबलच्या शेजारी तासही छापायला लावावेत.

– एक वाचक