सुभेदार आबांना, पाचवीच्या बाईंकडून

आबा, सादर नमस्कार.

लडाख समजावायला तुम्ही आमच्या वर्गात आलात, त्याचे तोंडावर आभार मानले की तुम्ही "काय बाई, एवढं काय त्यात" म्हणून उडवून लावता. म्हणून चारचौघं वाचतील असं हे पत्र लिहितेय.

नकाशात लडाख दाखवायला मला दोन मिनिटं पुरतात. तिथं पाऊस का पडत नाही, हे मात्र माणदेशी पोरांना तुम्ही सह्याद्रीवरून पटवलंत. महाबळेश्वर आणि आपण एकाच जिल्ह्यात, पण ढग तिकडंच रिकामे होतात. तसाच हिमालय मोसमी वारे अडवतो आणि लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. मागच्या बाकावरून लगेच आलं, "म्हणजे ते आपल्याहून दुष्काळी!" मग तासभर कुणाला गप्प बसवावं लागलं नाही.

सहलीच्या जाहिरातींमुळे पोरांच्या डोक्यात लडाख म्हणजे पँगाँग सरोवर आणि लामा. तुम्ही कारगिलचे शिया मुसलमान सांगितले, डोक्यावर फुलं माळणारे दाह-हनूचे ब्रोकपा सांगितले, याकच्या केसांच्या तंबूत राहणारे चांगपा सांगितले. त्यांच्या शेळ्यांचा पश्मिना तर हातातच दिलात. उन्हाळा लागताना तो कातरत नाहीत, फणीनं विंचरून काढतात. आपल्या केसाच्या पाचव्या हिश्श्याइतकी बारीक तार! धनगराच्या घरातली आमची एक पोर ती लोकर बोटांत चोळत बसली, खाली ठेवेचना.

फळ्यावरचा बर्फाचा स्तूप मी अजून पुसलेला नाही. २०१३ च्या सुमारास लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी सुरू केलेला हा प्रयोग. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी वरून पाइपानं आणायचं, उतारामुळे ते खाली पोचल्यावर आपोआप उंच उडतं, थंडीत गोठत सुळका होतो. सुळक्याला ऊन कमी लागतं, म्हणून तो एप्रिल-मेपर्यंत टिकतो आणि नेमका पेरणीला वितळतो. "मोटार कुठली बसवतात?" या प्रश्नावर तुम्ही नुसते हसलात आणि उतार परत काढून दाखवलात. उत्तर पोरांनीच शोधलं. पाणी पाळीनं देणारा तिथला चुरपोन तर त्यांना सांगावाच लागला नाही. पाटकरी सगळ्यांच्या ओळखीचा.

आता एक अडलंय. पुगा खोऱ्यात जमिनीतून वाफ येते, हे तुम्ही जाता जाता बोललात. त्यावर वीज का करत नाहीत, असं रोज विचारतात. सहावीचा वर्गही तुम्हाला मागतोय. कुठला शनिवार जमेल, तेवढं कळवा.

आपली,
पाचवीच्या बाई