टेन-थर्टी-वन समजावून देणाऱ्या सीपीए ताईंना

ताई, स. न. वि. वि.

न्यू जर्सीत भाड्याची घरं सांभाळणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांकडून हे पत्र. सीपीए, म्हणजे अमेरिकेतल्या सनदी लेखापाल, म्हणून टॅक्स रिटर्न भरून देणं हा तुमचा व्यवसायच आहे. पण एक घर विकून दुसरं घेताना नफ्यावरचा कर पुढं कसा ढकलायचा, ते अमेरिकी करकायद्यातलं सेक्शन 1031 (टेन-थर्टी-वन) तुम्ही ज्या आस्थेनं शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांतच मानायला हवेत.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. विक्रीचे पैसे तुमच्याकडेच राहू द्या, असं लोक हक्कानं म्हणतात. तुम्ही दरवेळी ठामपणे सांगता, की मागच्या 2 वर्षांत जो आपला सीपीए, वकील किंवा ब्रोकर होता, त्याला क्वालिफाइड इंटरमीडियरी, म्हणजे विक्रीचे पैसे सांभाळून त्यातून नवं घर घेऊन देणारा मध्यस्थ, होता येत नाही. मध्यस्थाशी करार क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याच्या, आधी व्हायला हवा, आणि पैसा आपल्या खात्याला शिवताही कामा नये. पैसा स्वतंत्र एस्क्रो (तिऱ्हाइताने राखलेल्या) खात्यात राहणार का, हा प्रश्नही तुम्हीच विचारायला लावता. 2008 च्या नोव्हेंबरात अशा अदलाबदलीचे (एक्सचेंजचे) पैसे सांभाळणारी लँडअमेरिकाची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले, ते विसरून चालणार नाही.

मग तारखा. घर 10 नोव्हेंबरला विकलं, तर नवं घर निवडण्याच्या मुदतीचा 45 वा दिवस 25 डिसेंबर. नाताळची सुट्टी म्हणून मुदत पुढं सरकत नाही. तोवर नव्या घरांची यादी लेखी, सहीनिशी इंटरमीडियरीकडे पोचलेली हवी. तीनपर्यंत घरं असतील तर किमतीचं बंधन नाही. काँडो असेल तर युनिट नंबरसकट पत्ता, कारण नुसतं बिल्डिंगचं नाव म्हणजे संदिग्ध ओळख. खरेदीचे 180 दिवस 9 मेला संपतात, पण रिटर्नची तारीख 15 एप्रिल. रिटर्नच्या मुदतवाढीसाठी (एक्स्टेन्शन) फॉर्म 4868 भरला नाही, तर 15 एप्रिललाच खिडकी बंद. शरद ऋतूत घर विकणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हे आठवणीनं सांगता.

आकड्यांचा हिशेबही किती सोपा करून दाखवलात! 6 लाख डॉलरला विक्री, खर्च 40 हजार, फेडलेलं कर्ज 2 लाख. इंटरमीडियरीकडे उरले 3 लाख 60 हजार. पूर्ण कर पुढं ढकलायचा तर नवं घर किमान 5 लाख 60 हजारांचं हवं, आणि ही सगळी रोकड त्यात जायला हवी. 5 लाखांचं घेतलं तर मधले 60 हजार ‘बूट’, म्हणजे नव्या घरात न गेलेली रक्कम, ठरून करपात्र होतात. नवं कर्ज कमी घ्यायचं असेल तर फरक स्वतःच्या खिशातून भरता येतो. भाडेकरूची अनामत रक्कम मात्र क्लोजिंगच्या हिशेबात वळती करू देऊ नये, आपला वेगळा चेक द्यावा. नाहीतर तीही बूट धरली जाऊ शकते.

आता सगळ्यात मोलाचं. घराची तपासणी हे काही सीपीएचं काम नाही. तरी ‘जुनं घर बाजारात टाकण्याआधी नवं शोधायला लागा’ हा धोशा तुम्हीच लावलात. 45 दिवसांच्या घाईत माणूस तळघरातली ओल बघत नाही, आणि वाचवलेला कर दुरुस्तीत जातो. छपराच्या पन्हळीचं पाणी घराच्या पायापासून 4 ते 6 फूट लांब पडतं का? पहिल्या 10 फुटांत जमिनीला 6 इंच उतार आहे का? जुन्या घरात सांडपाण्याची लाइन मातीच्या पाइपांची असते, सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात. कॅमेरा घातल्याशिवाय कळत नाही. वॉटर हीटरचं साल सिरियल नंबरवरून काढावं. टाकी साधारण 8 ते 12 वर्षं टिकते. तिच्यातला अ‍ॅनोड रॉड स्वतः गंजून टाकी वाचवतो, म्हणून दर 3 ते 5 वर्षांनी 1 1/16 इंची सॉकेटनं उघडून पाहावा. रॉडच्या आतली तार उघडी पडली असेल तर रॉड बदलायचा.

नवं घर नावावर झाल्यावर एक्सचेंजच्या पैशातून दुरुस्ती चालत नाही, हेही तुम्ही वेळेवर सांगता. आणि पावत्या! छपरावरचे चार शिंगल्स बदलले तर दुरुस्ती, त्याच वर्षी खर्च. सगळं छप्पर बदललं तर सुधारणा, 27.5 वर्षांचं डेप्रिसिएशन, म्हणजे खर्च दरवर्षी थोडाथोडा वजा करायचा. 2,500 डॉलरपर्यंतच्या वस्तूसाठी डी मिनिमिस सवलत (छोटी खरेदी त्याच वर्षी खर्चात धरण्याची) घ्यायची, तर तिचं निवेदन दरवर्षी रिटर्नला जोडायचं. एक्सचेंजमध्ये जुन्या घराचा बेसिस (करासाठी धरलेली किंमत) नव्या घराकडे येतो, म्हणून जुन्या छपराची पावतीसुद्धा जपायची. तुम्ही ‘दुरुस्ती’ आणि ‘सुधारणा’ असे दोन वेगळे कप्पे करून दिलेत. आज आमच्या घराघरांत तशाच फायली आहेत.

राहिला पुण्याच्या फ्लॅटचा प्रश्न, तो दरवर्षी कुणीतरी विचारतंच. अमेरिकेतलं घर विकून भारतातलं घेतलं तर 1031 लागू होत नाही. विकलेलं घर अमेरिकेतलं असेल, तर घेतलेलंही अमेरिकेतलंच हवं. हे उत्तर तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता, चहा पाजून देता. ताई, मनापासून आभार.

आपले,
एडिसन परिसरातले मराठी घरमालक