तुझा रिपोर्ट आणि माळ्यावरचा गडी

कळंब, जि. धाराशिव
१२ जानेवारी

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. भाकरी टाकून झाल्या आणि लिहायला बसले.

तुझ्या रिपोर्टात गर्भाशयमुखावरचा एचपीव्ही विषाणू निघाला, पण एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. हा विषाणू बायकांना सर्रास होतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. त्याला घालवणारं कुणीतरी असतं. शाळेत मी इतकी वर्षं शिकवलं, की पांढऱ्या पेशी रक्तातून फिरतात, जंतू दिसला की धावून जातात. ते अर्धंच होतं गं. त्यांच्यातल्याच टी पेशी नावाच्या काही पेशी एकदा लढल्या की रक्तात परतत नाहीत. कातडीत, फुप्फुसात, आतड्यात, गर्भाशयमुखाच्या अस्तरात तिथंच मुक्काम ठोकतात, शत्रूची ओळख लक्षात ठेवून. एकट्या कातडीतच सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, रक्तातल्यापेक्षा जवळपास दुप्पट.

सध्या आपली ज्वारी हुरड्यात आहे. पाखरं तांबडं फुटताच उतरतात. गावातून माणूस निघून शेतात पोचेपर्यंत कणसं रिकामी. म्हणून गडी माळ्यावरच झोपतो, गोफण उशाला. या पेशींचंही तसंच. एचपीव्ही रक्तात उतरतच नाही, अस्तराच्या थरात दडून राहतो. त्याला गाठायला तिथंच राहणारं कुणी लागतं. सीडी१०३ नावाच्या प्रथिनानं या पेशी अस्तराला धरून राहतात, बाधित पेशी मारतात आणि आजूबाजूच्यांना हाकही देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येसुद्धा ज्यांच्या गाठीत अशा पेशी जास्त सापडतात, त्या बायका जास्त जगतात असं दिसलंय.

पण गाठ वाढत गेली की या पेशीही थकतात. काहींच्या अंगातून विषाणू जातच नाही, आणि वर्षानुवर्षं टिकलेला विषाणूच पुढं कॅन्सर करतो. म्हणून तुझ्या अंगावर माझा भरवसा असला, तरी गर्भाशयमुखाची दुर्बिणीनं तपासणी टाळू देणार नाही.

आजीचं तुला कधी सांगितलं नव्हतं. २००० च्या सुमाराला आपल्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा. आजी त्यात होती. एचपीव्ही निघाला, लगेच बिघडलेला भाग गोठवून उपचार केले. लाजेनं तिनं घरात कुणाला कळू दिलं नाही, मलासुद्धा दहा वर्षांनी सांगितलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आत्ता ती ओसरीवर तूर निवडतेय. मी काय लिहितेय ते तिला ठाऊक आहे. "पोरीला म्हणावं, भिऊ नको, दुखत नाही," म्हणाली.

शुक्रवारच्या गाडीनं येते. शनिवारची वेळ घेऊन ठेव, दोघी जाऊ. हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी आणते.

तुझी
आई