दप्तराच्या पट्ट्याचा सीटबेल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जूनच्या अंकात आपण पहिल्या पानावर एक फोटो छापलात. मोटारसायकलच्या टाकीवर नव्या गणवेशातली मुलगी, तिच्या मागे वडील, त्यांच्या मागे आई आणि आईच्या कडेवर धाकटं. मुलीच्या हातात शाळेतून मिळालेला फुगा. खाली ओळ होती, ‘चला, शाळेला!’ फोटो गोड होता, खोटं कशाला बोलू? सासूबाईंनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, “अगदी आपल्या मनूसारखी आहे गं.” मी दुसऱ्यांदा बघितला तेव्हा दिसलं की चार माणसांत मिळून एकसुद्धा हेल्मेट नाही.

त्या वडिलांना नावं ठेवायला हे पत्र नाही. आमच्या घरच्या अल्बममध्ये असाच एक फोटो आहे. मनू अडीच वर्षांची, टाकीवर बसलेली, आणि फोटो काढणारी मी. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग चाळीसच्या आत हवा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मला तो गेल्या वर्षी कळला. तोवर तसा पट्टा मिळतो हेच ठाऊक नव्हतं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. घर विश्रामबागेत. मनू सहा वर्षांची, यंदा पहिलीत गेली. चिनू अडीच वर्षांचा. घरात एक जुनी गाडी आहे, ती सुट्टीच्या दिवशी बाहेर निघते. आमच्याकडे गाडीत बसायची जी पद्धत होती तीच बहुतेक घरांत असावी. हे चालवणार, सासूबाई पुढं बसणार आणि चिनू त्यांच्या मांडीवर, कारण पुढं हवा लागते आणि त्याला सगळं दिसतं. सासूबाई पट्टा लावत नसत. “मध्ये बाळ चेंगरतं.” मागं मी, मनू, आणि नणंद आली असेल तर ती आणि तिची दोन.

गेल्या जानेवारीत पौष पौर्णिमेला संध्याकाळी आम्ही नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलो होतो. परतताना शिरोळच्या अलीकडं अंधारात उसाची ट्रॉली पुढं होती. तिला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाल फडकंसुद्धा नाही. दिसली तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, कुठंही धडकली नाही. पण चिनू सासूबाईंच्या हातांतून सुटून डॅशबोर्डवर आपटला. कपाळाला तीन टाके पडले. कवठाच्या बर्फीचा पुडा फुटून सगळ्या गाडीत बर्फी झाली होती, ती मी दुसऱ्या दिवशी सुरीनं खरवडून काढली. हा तपशील का लिहिते आहे मला माहीत नाही, पण त्या रात्रीचं तेवढंच नीट आठवतं.

सासूबाई आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. “मी घट्ट धरलं होतं गं त्याला,” एवढंच म्हणत राहिल्या. माझा भाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यानं बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. चाळीसच्या वेगातली गाडी एखाद्या गोष्टीवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बारा किलोचं मूल हातांना सुमारे एकशे पस्तीस किलोचं लागतं. माझ्या भाषेत सांगायचं तर पन्नास किलोची जवळजवळ पावणेतीन पोती. आमच्या दुकानातला हमालसुद्धा एका वेळी एकच उचलतो. तो कागद मी सासूबाईंना दाखवला, तो त्यांना दोष द्यायला नव्हे. त्या तो बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातात नव्हतंच.” त्या दिवशी त्या जेवल्या.

एअरबॅगचा विचार मला नंतर सुचला. नुसत्या ब्रेकनं ती उघडत नाही म्हणून आम्ही वाचलो. वाशीत डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला, ती बातमी सगळ्यांनीच वाचली. मोठ्या माणसाला पट्ट्यासकट वाचवायला केलेली वस्तू आहे ती, मांडीवरच्या लेकरासाठी नव्हे. आणि मागं बसलं की पट्टा नको, हाही भ्रमच. पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा ते मागंच बसले होते, पट्ट्याविना. त्यानंतर महिनाभर आमच्या ओळखीतले सगळे मागं पट्टा लावत होते. नंतर पट्ट्यांची टोकं पुन्हा सीटच्या फटीत गेली.

फेब्रुवारीत आम्ही चिनूसाठी गाडीत बसवायची लहान मुलांची सीट घेतली. माझ्या अर्ध्या पगाराहून जास्त पैसे गेले. ती अडकवायच्या लोखंडी कड्या आमच्या गाडीत पहिल्यापासून होत्या, गादीच्या फटीत. सहा वर्षं गाडी वापरतोय, त्या फटीत आम्हाला शेंगदाणे आणि चिल्लर सोडून काही सापडलं नव्हतं. मनूला उंच बसवणारी साधी बैठक घेतली, कारण तिच्या उंचीला गाडीचा पट्टा खांद्यावर न येता गळ्यावर येतो.

पहिले पंधरा दिवस चिनूनं विश्रामबाग दणाणून सोडली. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, “लेकराला असं जखडून ठेवतात होय?” नणंदेचा राग वेगळा. मागं सीट बसवल्यावर तिच्या मुलांना जागा उरली नाही, म्हणजे आम्ही त्यांना टाळतोय असा तिनं अर्थ काढला. अजून धड बोलत नाही. पण चिनूची बाजू सासूबाईंनीच सांभाळली. आता त्या मागं त्याच्याशेजारी बसतात, पट्टा चिमटीत धरून बघतात. चिमटीत आला तर सैल आहे, ओढायचा. हे त्यांना मी एकदाच सांगितलं होतं. हल्ली त्या मलाच सांगतात.

इथवर सगळं घरातलं झालं. मनूची शाळा सुरू झाली आणि मी आडवी झाले. पहिलीत जाणारं मूल म्हणजे आईचा एप्रिल-मे जातो तो दाखले, वह्यांची कव्हरं, डब्यावर नाव, बुटांचा नंबर यांत. सहा वर्षं पूर्ण आहेत का, ३१ डिसेंबरच्या कोणत्या बाजूला जन्म झाला, याची शाळेनं तीनदा खात्री करून घेतली. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, म्हणून मी दुकानातल्या काट्यावर दप्तर तोलून आणलं. मूल शाळेत जाणार कशातून, हे मात्र ना शाळेनं विचारलं ना मी. गल्लीतली सगळी मुलं ज्या व्हॅननं जातात त्याच व्हॅननं. महिना बाराशे रुपये.

व्हॅनवाले काका चांगले आहेत. कोणाचा डबा राहिला, कोणाला उलटी होते, कोण रडतं, सगळं त्यांना पाठ. पण पहिल्या दिवशी मी मोजलं तर मनू चौदावी होती. दोघं पुढं काकांशेजारी एकाच सीटवर. मागं समोरासमोर लाकडी फळ्या, त्यावर बाकीचे. गॅसची टाकी पायांखाली. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरू नयेत, असं सरकारनं २०२४ मध्ये ठरवल्यापासून आमच्या शाळेचीही वेळ नऊची झाली. मुलांची झोप पुरी होते, चांगलंच झालं. फक्त आता मिरज रस्त्याच्या ऐन गर्दीत ही चौदा मुलं असतात, आणि काकांना मोठ्या मुलांची पहिली फेरी उरकून घाईनं यावं लागतं.

तिसऱ्या दिवशी मी दारातून बघत होते. मनू फळीवर बसली, दप्तर पोटावर उलटं घेतलं आणि त्याचे दोन्ही पट्टे मागच्या दांडीला अडकवून टाकले. मग पट्टा चिमटीत धरून बघितला. आजीसारखा.

मी शाळेत गेले. उत्तर मिळालं, “वाहन ही पालकांची खासगी व्यवस्था आहे, शाळेचा संबंध नाही.” हे वाक्य आपल्या वाचकांपैकी हजारोंनी ऐकलं असेल. पण राज्यात स्कूलबससाठी २०११ सालचे नियम आहेत आणि त्यांत प्रत्येक शाळेनं परिवहन समिती नेमायची आहे, अध्यक्ष मुख्याध्यापक. पालकांचा माणूस तिच्यात असतो, वाहतूक पोलिसांचा आणि आरटीओचाही. समितीची बैठक केव्हा झाली, एवढंच मी विचारलं. रजिस्टर शोधून सांगतो म्हणाले. शोध चालू असावा. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना गाडीत नेलं तर हजार रुपये दंड आहे, तोही २०१९ पासून. आमच्या ओळखीत तो कोणी भरल्याचं मला आठवत नाही.

काकांशीही बोलले. ते चिडले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी माझ्याच वहीत हप्ता, विमा, पासिंग, गॅस, टायर असं लिहून दाखवलं. “ताई, सात पोरं नेली तर माझं भागत नाही. तुम्ही चोवीसशे देणार का?” मी गप्प बसले. हिशेब माझा धंदा आहे आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. चिनूच्या सीटला मी अर्धा पगार घातला, तो गाडीत बसतो महिन्यातून चार वेळा. मनू व्हॅनमध्ये बसते महिन्यातून पन्नास वेळा, आणि तिथं मला बाराशेच हवे होते.

आपल्याकडून माझी अपेक्षा फार नाही. टाकीवर बसलेल्या मुलांचे फोटो ‘गोड’ म्हणून छापू नका. छापायचेच तर खाली हेल्मेटची एक ओळ टाका. दुसरं, पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर २०२५ मध्ये आपली पानंच्या पानं भरली, माझंही मत आहे. पण आपल्या वार्ताहरांनी सांगली-मिरजेतल्या शाळांना एकदा एवढंच विचारावं की तुमच्या परिवहन समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, आणि मिळालेली उत्तरं जशीच्या तशी, शाळांच्या नावांसकट छापावीत. मी विचारलं तर रजिस्टर हरवतं. आपण विचारलं तर सापडेल.

तोवर आमच्या गल्लीत आम्ही काकांशी ठरवलं आहे. मूल महिना दोन हजार, पाच तारखेच्या आत, उन्हाळ्याच्या सुट्टीतही अर्धे. त्या बदल्यात आठच मुलं, पुढं एकही नाही, फळ्या काढून नीट सीटा आणि पट्टे, आणि तशी पासिंगची परवानगी. काका १ जुलैपासून तयार आहेत. सात घरं झाली आहेत. आठवं मूल अजून मिळालेलं नाही.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली